कलात्मक चित्रपटाची न बांधली गेलेली साखळी : महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्या, वितरण-व्यवस्था आणि तालुक्याचा प्रेक्षक

प्रस्तावना

मराठी चित्रपट-समीक्षेने आजवर चित्रपटाच्या आशयाचा, दिग्दर्शकाच्या दृष्टीचा आणि कलामूल्यांचा पुष्कळ विचार केला आहे. परंतु तो चित्रपट कोणत्या सभागृहात, किती दिवस, कोणत्या अटींवर दाखवला गेला हा प्रश्न मात्र समीक्षेने व्यापाऱ्यांकडे सोपवून दिला. साहित्याच्या अभ्यासात प्रकाशनव्यवहाराचा विचार आता मान्य झाला आहे. चित्रपटाच्या बाबतीत प्रदर्शनव्यवहाराला अद्याप ती प्रतिष्ठा लाभलेली नाही. वस्तुतः ज्या चित्रपटाला आपण 'समांतर', 'कलात्मक' किंवा 'वेगळा' म्हणतो, त्याचे वेगळेपण जितके पडद्यावर आहे तितकेच पडद्याच्या मालकीत आणि गल्ल्याच्या वाटणीतही आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कलात्मक चित्रपटाच्या प्रदर्शनाचा इतिहास या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले असता हा इतिहास मुंबई-पुण्यातून दिसतो त्याहून बराच निराळा दिसतो, आणि तो फरक हाच या विवेचनाचा खरा विषय होय.

'साखळी' हा शब्द येथे व्यापारी अर्थानेच घेतला आहे. अनेक चित्रपटगृहे एका व्यवस्थापनाखाली असणे, त्यांचा कार्यक्रम एकत्र ठरणे, वितरकाशी एकत्रित घासाघीस होणे आणि एका गृहात झालेला तोटा दुसऱ्या गृहातील नफ्याने भरून निघणे, इतक्या गोष्टी जुळल्या म्हणजे साखळी होते. अमेरिकेत १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'पॅरॅलॅक्स' या नावाने सुरू झालेली आणि पुढे 'लँडमार्क' म्हणून ओळखली गेलेली कंपनी हे याचे ठळक उदाहरण. जुनी, पडेल झालेली चित्रपटगृहे हाती घ्यावीत, रोज वेगळा चित्रपट लावावा आणि महिन्याचा छापील कार्यक्रम प्रेक्षकाच्या घरी जावा, ही तिची सुरुवातीची रीत होती. घरोघरी व्हिडिओ आल्यावर जुन्या चित्रपटांवर चालणारे हे गणित मोडले आणि कंपनी नव्या परदेशी व स्वतंत्र चित्रपटांकडे वळली. २००३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिची मालकी बदलली. या कंपनीचे कलाप्रेम किती अस्सल हा प्रश्न येथे गौण आहे. तिच्याकडे खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर तिचा हक्क होता, हे महत्त्वाचे. महाराष्ट्रात अशी साखळी कधी झाली काय, आणि नसल्यास तिच्या जागी काय उभे राहिले, असा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सभासदांची साखळी

महाराष्ट्रात तिच्या जागी फिल्म सोसायटी उभी राहिली. मुंबईत १९३७ मध्ये 'अमॅच्युअर सिने सोसायटी' आणि १९४२ मध्ये 'बॉम्बे फिल्म सोसायटी' निघाली. कलकत्त्यात १९४७ मध्ये सत्यजित राय व चिदानंद दासगुप्त यांनी स्थापलेल्या संस्थेला पुढे जी कीर्ती मिळाली ती या मुंबईच्या संस्थांना मिळाली नाही. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला आणि इटालियन नववास्तववादाशी आपल्याकडील रसिकांची पहिली मोठी भेट झाली. १९५९ च्या डिसेंबरमध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाची स्थापना झाली. राय हे तिचे अध्यक्ष होते, आणि पाटण्यात फिल्म सोसायटीचे काम केलेल्या, मूळच्या मुंबईच्या विजया मुळे या तिच्या चिटणीसांपैकी एक होत्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, पी. के. नायर यांनी त्याची घडण केली. मुंबईत ५ जुलै १९६८ रोजी प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला मराठीतून जागतिक चित्रपटाकडे नेणारी ही संस्था होय. 'वास्तव रूपवाणी' हे तिचे नियतकालिक आणि सुधीर नांदगावकर (निधन १ जानेवारी २०२३) यांचे अर्धशतकभराचे संघटनकार्य यांचे ऋण मराठी चित्रपट-अभ्यासकाने मान्य केलेच पाहिजे.

हे ऋण मान्य करूनच या चळवळीच्या अर्थव्यवहाराची चिकित्सा करावी लागते. फिल्म सोसायटीला सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय परदेशी चित्रपट दाखवण्याची मुभा मिळाली, ती एका अटीवर : चित्रपट केवळ नोंदणीकृत सभासदांनाच दाखवायचा, खेळाचे तिकीट विकायचे नाही. या एका अटीत चळवळीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही सामावलेली आहेत. मुभेमुळे वकिलातींच्या सांस्कृतिक विभागांकडून पोलिश, चेक, हंगेरियन, सोव्हिएत चित्रपट आले. पुण्याच्या संग्रहालयातून १६ मिलिमीटरच्या प्रती लोखंडी पेट्यांतून गावोगाव जाऊ लागल्या. पण तिकीट नाही म्हणजे गल्ला नाही, आणि गल्ला नाही म्हणजे चित्रपट चांगला आहे असे ऐकून दुसऱ्या दिवशी येणारा अनोळखी प्रेक्षकही नाही. दुसरा दिवसच नसे. एकाच खेळात चित्रपट संपे आणि पेटी पुढच्या गावाला रवाना होई. वार्षिक वर्गणीतून सभागृहाचे भाडे, प्रतीची ने-आण आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्याचे मानधन निघाले म्हणजे संस्था 'चालली' असे समजले जाई. कोणत्याही भारतीय दिग्दर्शकाला या व्यवहारातून पुढचा चित्रपट काढण्याइतके उत्पन्न मिळण्याची शक्यता मुळातच नव्हती.

सेन्सॉरमुक्त चित्रपटाच्या आकर्षणाने आलेले सभासद आणि चित्रपटकलेच्या ओढीने आलेले सभासद यांत भेद करण्याचा मोह त्या काळातील लेखनात वारंवार दिसतो. हा भेद काहीसा सोवळा वाटतो. कोणत्याही चित्रपटगृहाचा गल्ला दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांवर चालतो. वर्गणी भरणाऱ्याच्या हेतूची परीक्षा घेणे हे व्यवसायाचे लक्षण नव्हे. परंतु चळवळीने स्वतःकडे व्यवसाय म्हणून कधी पाहिलेच नाही. व्यापाराविषयीची ही अढी मराठी मध्यमवर्गीय सांस्कृतिक जीवनात खोलवर रुजलेली आहे, आणि तिची किंमत अखेर चित्रपटाने मोजली.

'प्रभात' हे नाव उच्चारताच कोल्हापुरात १९२९ मध्ये निघालेली व १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी आठवते. त्या कंपनीला 'संत तुकाराम' (१९३६) काढता आला, तो व्हेनिसला (१९३७) गौरवला गेला आणि त्याच वेळी गावोगावच्या तंबूंतून चालला. कला व गल्ला यांची फारकत तेथे नव्हती. कंपनी केवळ स्टुडिओवर थांबली नाही. १९३४ मध्ये पुण्यात किबे यांच्या मालकीचे चित्रपटगृह भाडेपट्ट्याने घेऊन 'प्रभात टॉकीज' चालवले गेले. कंपनी बंद पडली तरी ते गृह कित्येक दशके मराठी चित्रपटाचे हक्काचे घर राहिले. २०१४ च्या अखेरीस पट्टा संपून ते मूळ मालकाकडे परत गेले आणि 'किबे लक्ष्मी थिएटर' झाले. मराठी चित्रपटाचे सर्वांत प्रतिष्ठित घरही भाड्याचेच होते, ही बाब लक्षणीय आहे. साठोत्तर चळवळीने जुन्या कंपनीकडून कलेचा आदर्श घेतला. चित्रपटगृह ताब्यात असण्याचा धडा मात्र घेतला नाही.

शासनाचा पैसा कोठे गेला

शासनाने कलात्मक चित्रपटासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५१ च्या स. का. पाटील समितीच्या शिफारशींतून अर्थसाहाय्य महामंडळाची कल्पना पुढे आली आणि १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. १९६९ नंतर 'भुवन शोम', 'सारा आकाश', 'उसकी रोटी' यांसारखे चित्रपट त्याच्या कर्जावर निघाले. चित्रपट तयार झाले. दाखवायचे कोठे, हे कोणी ठरवले नव्हते. सकाळच्या खेळांचे उरलेसुरले वेळापत्रक, एखाद-दुसरे सहानुभूतीचे चित्रपटगृह, आणि मुंबईत मंत्रालयाजवळील आकाशवाणीच्या सभागृहासारखी एखादी जागा, एवढाच त्यांचा संसार होता. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळावर टीका केली, ती कर्जे बुडतात म्हणून. ज्या मालाला दुकानच नाही त्याची विक्री का होत नाही, असा तो प्रश्न होता. १९८० मध्ये शिवराम कारंथ यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने राष्ट्रीय चित्रपट धोरणाचा अहवाल दिला, आणि त्याच वर्षी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. नव्या महामंडळाने चित्रपटगृहे बांधण्यासाठी कर्जे दिली खरी. पण गृह बांधून झाल्यावर तेथे काय लावायचे हे मालक व वितरक यांच्या हिशेबानेच ठरत राहिले.

महाराष्ट्र शासनाचे धोरणही निर्मितीकडेच झुकलेले दिसते. सत्तरच्या दशकातील करपरतावा योजना निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी होती; पुढे आलेली अनुदाने तयार चित्रपटाच्या दर्जावर दिली जाऊ लागली. १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी झाली. येथे केरळशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील राज्य चित्रपट विकास महामंडळाने (स्थापना १९७५) 'चित्रांजली' स्टुडिओ बांधला, पण तेवढ्यावर न थांबता तिरुवनंतपुरममध्ये 'कैरळी', 'श्री' व 'निळा' यांसारखी स्वतःची चित्रपटगृहेही चालवली. पश्चिम बंगाल शासनाने १९८५ मध्ये कलकत्त्यात 'नंदन' उभारले. महाराष्ट्रात नगरपालिकांनी नाट्यगृहे बांधली आणि ती बांधणे योग्यच होते. परंतु शासकीय वा पालिकेच्या मालकीचे, ठरावीक कार्यक्रम असलेले चित्रपटगृह जिल्ह्याच्या ठिकाणी असावे असे कोणाच्या मनात आले नाही. चित्रपटगृह म्हणजे कर गोळा करण्याची जागा, हीच दृष्टी १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्यापासून कायम होती.

जेव्हा शासनाने चित्रपटगृहांवर खरोखरच पैसा सोडला, तेव्हा तो मल्टिप्लेक्ससाठी सोडला. २००१ च्या सुमारास महाराष्ट्राने नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कातून पाच वर्षांची सवलत दिली, पहिली काही वर्षे पूर्ण व नंतर अंशतः. लोकांच्या कराच्या पैशातून उभी राहिलेली ही पडद्यांची साखळी कोणत्या चित्रपटांसाठी वापरली जावी, याची अट त्याच वेळी नीट घातली असती तर पुढचा पुष्कळ वाद टळला असता.

फ्रान्समध्ये १९४८ पासून प्रत्येक तिकिटावर एक अधिभार घेतला जातो, सध्या तो १०.७२ टक्के आहे; हॉलिवूडच्या चित्रपटाच्या तिकिटावरही तो लागतो आणि त्यातून निर्मितीबरोबरच चित्रपटगृहांनाही साहाय्य मिळते. 'कला व प्रयोग' असे वर्गीकरण झालेल्या गृहांना, मग ती छोट्या गावांतली का असेनात, त्यांच्या कार्यक्रमाच्या दर्जानुसार वेगळे अनुदान मिळते. तेथे अनुदानाचा निकष चित्रपटापुरता राहिला नाही, तो पडद्यालाही लागू झाला.

वऱ्हाड-मध्यप्रांताचा नकाशा

तालुक्याच्या प्रेक्षकापर्यंत कलात्मक मराठी चित्रपट न पोहोचण्याचे आणखी एक कारण आहे. ते समीक्षेत क्वचितच नोंदले जाते, म्हणून येथे त्यावर काहीसा अधिक भर देणे आवश्यक वाटते.

हिंदी चित्रपटाच्या व्यापाराने देशाचे जे वितरण-विभाग पाडले, ते इंग्रजी अमदानीतील प्रांतांच्या आणि संस्थानांच्या सीमांवर. १९५६ ची भाषावार पुनर्रचना आणि १९६० ची महाराष्ट्राची स्थापना यांनी राजकीय नकाशा बदलला. चित्रपटाचा नकाशा तसाच राहिला. परिणामी मराठी भाषकांचा प्रदेश आजही तीन वितरण-विभागांत विभागलेला आहे. मुंबई, कोकण व पश्चिम महाराष्ट्र मुंबई विभागात. मराठवाडा निजाम विभागात. आणि विदर्भ 'सीपी-बेरार' विभागात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या काही भागांबरोबर. या मध्यवर्ती पट्ट्यातील वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे मुख्य केंद्र भुसावळ. अमरावती हे व्यापाराचे दुसरे जुने ठाणे. वर्धा जिल्हा तर जुन्या मध्यप्रांतातला, वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांतलाही नव्हे. म्हणजे या विभागाच्या नावातील दोन्ही तुकड्यांच्या सीमेवरचा.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, पुण्यात तयार झालेल्या मराठी चित्रपटाला मराठी मुलखात फिरण्यासाठी तीन वेगळ्या बाजारांत तीन वेगळे सौदे करावे लागत. सीपी-बेरारच्या वितरकाच्या दृष्टीने मराठी चित्रपट हा त्याच्या विभागाच्या केवळ एका भागात चालणारा माल. हिंदी चित्रपट रायपूरपासून अकोल्यापर्यंत सर्वत्र चालणारा. प्रतीची किंमत दोन्हींना सारखीच. अशा स्थितीत त्याने मराठी चित्रपटासाठी, त्यातही गाणी व नामवंत नट नसलेल्या मराठी चित्रपटासाठी, हमीची रक्कम मोजावी अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नव्हते. विदर्भातील प्रेक्षक हिंदीकडे झुकलेला आहे, अशी तक्रार मराठी चित्रपटसृष्टीत नेहमी ऐकू येते. ती अर्धसत्य आहे. त्याला झुकवणारा नकाशा त्याने काढलेला नव्हता.

फिल्म सोसायट्यांनी या नकाशाला पर्याय द्यावयास हवा होता. त्यांचा फेडरेशनचा नकाशा व्यापाऱ्यांवर अवलंबून नव्हता. परंतु त्यांची घनता मुंबई-पुण्यातच राहिली. विदर्भात नागपूरसारख्या शहरात अशा संस्थांनी काम केले. तालुक्यापर्यंत ते उतरले नाही. आणि वर्धा जिल्ह्याला तर एक वेगळाच वारसा होता. ज्या गांधीजींनी १९३६ पासून सेवाग्राम ही आपली कर्मभूमी केली, त्यांनी १९२७-२८ च्या रंगाचारियार समितीला चित्रपटाविषयी अत्यंत प्रतिकूल मत कळवले होते. १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांना अनावृत पत्र लिहून चित्रपटाची बाजू मांडली होती. जिल्ह्यातील संस्थात्मक जीवनावर त्या वृत्तीचा कितपत परिणाम झाला हे स्वतंत्र संशोधनाचे क्षेत्र आहे. एवढे मात्र खरे की खादी, नई तालीम, भूदान यांचे जाळे विणणाऱ्या या परिसरात चित्रपटाचे सांस्कृतिक जाळे विणण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

हे काम खेड्यात होऊ शकत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला कर्नाटकातील हेग्गोडूचे उत्तर आहे. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यातल्या या सुपारी पिकवणाऱ्या लहानशा गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' या संस्थेने सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटी काढली. पी. के. नायर यांनी पुण्याहून प्रती दिल्या, सतीश बहादूर यांच्यासारख्या अध्यापकांनी रसास्वाद शिबिरे घेतली, आणि 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमोन' हे चित्रपट शेतकऱ्यांनी पाहिले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे नोंदवण्यासारखी बाब अशी की, प्रती पुण्याहूनच जात होत्या. पुण्याच्या पेट्या हेग्गोडूला पोहोचल्या. विदर्भाच्या तालुक्यांत त्यांना उतरवून घेणारे कोणी नव्हते. केरळात जॉन अब्राहम यांच्या 'ओडेसा' गटाने याच्याही पुढे जाऊन गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवत लोकवर्गणी जमवली आणि तीतून 'अम्मा अरियान' (१९८६) काढला. प्रदर्शनातून निर्मितीकडे जाणारा हा उलटा मार्ग महाराष्ट्रात चोखाळला गेला नाही, असे म्हणताना सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा अपवाद आदराने करावा लागतो. 'दहावी फ' (२००२) शाळांपर्यंत आणि 'देवराई' (२००४) मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील संस्थांपर्यंत पोहोचला तो चित्रपटगृहाबाहेरच्या वाटेने. भावे यांचे २०२१ मध्ये निधन झाले. त्यांच्या चित्रपटांचे मूल्यमापन होते, त्यांनी शोधलेल्या प्रेक्षकाचे मात्र अजून झालेले नाही.

मल्टिप्लेक्समधील कोपरा

२००४ मध्ये 'श्वास'ने पन्नास वर्षांनंतर मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिले. 'श्यामची आई'नंतरचे हे पहिलेच. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेल्यावर अमेरिकेतील प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी जमली. शाळकरी मुलांनीही पैसे दिले. या उत्साहाची थट्टा करण्याचे कारण नाही. पण लॉस एंजेलिसमधील परीक्षकांना चित्रपट दिसावा म्हणून वर्गणी देणाऱ्या समाजाला, तो आपल्याच तालुक्यात दिसावा म्हणून वर्गणी काढावी असे सुचले नाही, ही गोष्ट त्या समाजाच्या सांस्कृतिक भूगोलाविषयी बरेच काही सांगते.

त्यानंतरच्या दशकात उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवणारे तंत्र आले आणि प्रतीचा खर्च हा जुना अडथळा उरला नाही. आता तालुक्याच्या पडद्यावरही पहिल्याच दिवशी चित्रपट लागू शकतो, असा आशावाद तेव्हा व्यक्त झाला. तंत्राने अडथळा दूर केला, पण व्यवहाराने नवा उभा केला. २००९ मध्ये हिंदी निर्माते व मल्टिप्लेक्स यांच्यात सुमारे दोन महिने चाललेल्या संघर्षानंतर जी वाटणी ठरली तीत निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता क्रम आहे. हा क्रम पहिल्या तीन दिवसांत सगळा गल्ला ओढणाऱ्या चित्रपटासाठी आखलेला आहे. कलात्मक चित्रपटाचा प्रेक्षक तोंडी शिफारशीने हळूहळू वाढतो. समजा, अशा चित्रपटाने पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकी एक लाख रुपये निव्वळ मिळवले, तर याच तत्त्वाने पहिल्या वेळी निर्मात्याच्या हाती ५०,००० येतील, तिसऱ्या वेळी ३७,५००. प्रेक्षक टिकवून धरल्याचा दंडच तो. शिवाय तिसरा आठवडा उजाडेपर्यंत खेळ सकाळी दहाच्या वेळेवर ढकलला गेलेला असतो.

२०१२ च्या सुमारास पीव्हीआर कंपनीने 'डायरेक्टर्स रेअर' या नावाने कलात्मक चित्रपटांचे मर्यादित प्रदर्शन सुरू केले. 'जाने भी दो यारो'ची (१९८३) दुरुस्त केलेली प्रत त्याच वर्षी पुन्हा पडद्यावर आली. २०१३ मध्ये कन्नड 'लुसिया' इतर राज्यांत पोहोचला. साखळीच्या व्याख्येला सर्वांत जवळ जाणारा भारतातील हा प्रयोग होय : पडदे एका मालकीचे, कार्यक्रम एकत्र ठरलेला, तोटा सोसण्याची ऐपत असलेली कंपनी. तरीही त्याला साखळी म्हणता येत नाही. तो एका मोठ्या साखळीच्या वेळापत्रकातला कोपरा होता. कोपऱ्यातल्या चित्रपटाची जागा शुक्रवारी येणाऱ्या मोठ्या चित्रपटाच्या सोयीने आकुंचन पावते, आणि तिकिटाचा दर मात्र मॉलचाच राहतो. ज्या शहरात मॉल नाही ते शहर या नकाशावर नसतेच.

एप्रिल २०१५ हा महिना या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळच्या मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन राज्य शासनाने जाहीर केले, त्यावर वादळ उठले आणि ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. त्याच महिन्यात, १७ तारखेला, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला. व्हेनिसमध्ये गौरवलेला आणि सुवर्णकमळ मिळालेला हा चित्रपट. वाद अस्मितेचा झाला. मराठी की हिंदी एवढ्यातच तो अडकला. कोणता मराठी चित्रपट, कोणत्या गावात, किती दराने, हे प्रश्न बाजूला पडले. भाषेच्या आरक्षणाने 'कोर्ट'ला आणि एखाद्या भरड विनोदी चित्रपटाला एकाच रांगेत उभे केले, आणि त्या रांगेत कोणाला पुढे घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार पुन्हा मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकाकडेच राहिला. ताम्हाणे यांचा पुढचा चित्रपट 'द डिसायपल' व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळवून २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. देवळीतला प्रेक्षक आता तो मोबाईलवर पाहू शकतो, हे खरे. पण एकट्याने, इअरफोन लावून पाहिलेल्या चित्रपटावर गावात चर्चा होत नाही, आणि रसास्वादाची परंपरा चर्चेतूनच निर्माण होते.

महाविद्यालयाचे सभागृह

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. १६ मिलिमीटरच्या पेट्यांचा काळ त्याआधीच संपला होता. प्रक्षेपकाची जागा आता प्रत्येक महाविद्यालयाच्या सभागृहात असलेल्या एलसीडी प्रोजेक्टरने घेतली आहे. परिसंवादाच्या दिवशी त्यावरील कापड निघते आणि समारोपानंतर पुन्हा चढते. देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, वर्धा, पलीकडे कळंब आणि यवतमाळ एवढ्या पट्ट्यातील महाविद्यालयांची सभागृहे एकत्र मोजली, तर कोणत्याही व्यापारी कंपनीला हेवा वाटावा इतक्या खुर्च्या भरतील. फेडरेशनच्या रचनेत महाविद्यालयीन सोसायट्यांना स्थान आहे. वर वर्णिलेल्या साखळीच्या घटकांपैकी खुर्च्या, सामायिक कार्यक्रम आणि एकत्रित बोलणी हे तीन घटक येथे थोड्या प्रयत्नाने जुळवता येतात. चौथा घटक, म्हणजे चित्रपटकाराला पैसा परत जाणे, येथेही अडतो.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात शैक्षणिक संस्थेला चित्रपट दाखवण्याची सवलत आहे. प्रेक्षक विद्यार्थी, अध्यापक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी थेट संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असतील तर परवाना लागत नाही. फिल्म सोसायटीच्या सभासदत्वाच्या अटीशी या तरतुदीचे साम्य लपून राहत नाही : चित्रपट फुकट दाखवता येतो, पण दार बंद ठेवून. सभागृहाच्या दारात गावातला कापसाचा शेतकरी, दुकानदार किंवा बसस्थानकावरचा चालक उभा राहिला की सवलत संपते. त्याला आत घ्यायचे तर निर्मात्याची लेखी अनुमती आणि त्याच्याशी ठरलेली रक्कम हवी; तिकीट लावायचे तर सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना आणि वस्तू व सेवा कर आला. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर हा कर सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे, तेव्हा अडचण कराची उरलेली नाही. त्याच महिन्यात सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळवलेला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' देशातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. असा चित्रपट ५० रुपयांच्या तिकिटावर, चार तालुक्यांच्या सभागृहांत, लागोपाठच्या चार शनिवारी दाखवायचा झाल्यास निर्मात्याला पत्र कोणी पाठवायचे आणि जमलेल्या रकमेचा हिशेब कोणत्या खात्यात ठेवायचा, याची तरतूद एकाही महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीला पहिल्याच बैठकीत करावी लागेल.